जेलीच्या ठोकळ्यात नेमकं काय दिसतं? ठासणीच्या बंदुकीची गोळी कशी पारखतात

टेबलावर पारदर्शक जेलीचा लांबट ठोकळा ठेवलेला असतो. एका बाजूने गोळी शिरते, ठोकळा फुगतो, आत क्षणभर मोठी पोकळी उघडते आणि मिटते, आणि अख्खा ठोकळा टेबलावरून उसळतो. कॅमेरा हे सगळं शेकडो पटींनी सावकाश करून दाखवतो. अमेरिकेत शरद ऋतू आला की असे व्हिडिओ खूप फिरू लागतात, कारण तिथल्या बहुतेक राज्यांत हरणांच्या शिकारीच्या हंगामातले काही दिवस फक्त ठासणीच्या बंदुकीसाठी राखून ठेवलेले असतात. पाहणाऱ्याचा समज होतो की ज्या गोळीने ठोकळा जास्त उसळला, ती जास्त चांगली.

हा समज शिकाऱ्याला फसवतो आणि त्याची किंमत जनावर मोजतं. ठोकळा किती उसळला हे गोळीच्या सगळ्यात जास्त वेगाला दिसतं, म्हणजे नळीच्या तोंडापाशी. हरीण तिथे उभं नसतं. ते साठ, ऐंशी, शंभर यार्डांवर उभं असतं आणि तिथे पोचेपर्यंत या बंदुकीची गोळी बरीच मंदावलेली असते. म्हणून ठासणीच्या बंदुकीची गोळी तपासायची असेल तर ती तिच्या सगळ्यात मंद वेगाला तपासली पाहिजे. हे पटायला थोडं मुळापासून सुरू करू.

ठासणीची म्हणजे काय

आजच्या साध्या रायफलीत काडतूस असतं. पितळी नळकांडीत दारू, पेटवणारी टोपी आणि गोळी कारखान्यातच एकत्र बसवलेली असते आणि ते काडतूस नळीच्या मागच्या बाजूने भरतात. ठासणीच्या बंदुकीत सगळं पुढून, नळीच्या तोंडातून जातं. आधी मोजून दारू ओतायची, मग गोळी तोंडाशी बसवायची, मग लांब गजाने ती तळापर्यंत रेटून दारूवर घट्ट टेकवायची. हे रेटणं म्हणजेच ठासणं. एक बार उडाला की हे सगळं पहिल्यापासून. सरावलेल्या माणसालाही अर्धा मिनिट सहज लागतो, म्हणून शिकारीत हाती एकच बार असतो असं धरून चालावं लागतं.

मूळची दारू म्हणजे काळी दारू: साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. ती पेटवायला पूर्वी चकमक होती, नंतर आघाताने पेटणारी तांब्याची छोटी टोपी, म्हणजे केप आली. 1985 मध्ये टोनी नाइट या अमेरिकी बंदूक-कारागिराने एमके-85 नावाची बंदूक काढली. तिच्यात ठिणगी बाजूने येण्याऐवजी थेट मागून, नळीच्या सरळ रेषेत येते. या रचनेला इनलाइन म्हणतात. आज बाजारात याच बंदुकांचं राज्य आहे आणि त्यांवर दुर्बीणही बसते.

त्यामुळे एकाच नावाखाली दोन फार वेगळी हत्यारं येतात आणि प्रत्येक राज्याने आपापली रेघ ओढली आहे. पेन्सिल्व्हेनियाने 1974 मध्ये खास चकमकीच्या बंदुकीचा हंगाम सुरू केला. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही, दारूच्या तयार वड्या चालत नाहीत आणि सॅबो (तो पुढे येईल) चालत नाही. म्हणजे एका राज्यातली उत्तम गोळी शेजारच्या राज्यात बेकायदा असू शकते. तपासणीला बसण्याआधी नियमपुस्तिका उघडावी लागते ती यामुळेच.

तीन प्रकारच्या गोळ्या

पहिली, सगळ्यात जुनी: शिशाची गोल गोळी. ती नळीपेक्षा किंचित लहान असते आणि तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या चिंधीत गुंडाळून ठासतात. चिंधी नळीतले आटे, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, पकडते आणि गोळीला फिरकी देते. 50 कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीत 0.490 इंचाची गोळी बसते आणि तिचं वजन सुमारे 177 ग्रेन भरतं. ग्रेन हे गोळी-दारूच्या व्यवहारातलं जुनं माप आहे. एका पौंडात 7,000 ग्रेन, म्हणजे 177 ग्रेन हे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास.

दुसरी, लांबट शिशाची गोळी. क्लोद-एतियेन मिनिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी 1849 ची गोळी याच घराण्यातली. तिचा तळ पोकळ असायचा, दारूच्या दाबाने तो फाकायचा आणि आटे धरायचा. अमेरिकी यादवी युद्धात याच गोळीने हाहाकार उडवला.

तिसरी, सॅबोतली गोळी. सॅबो म्हणजे प्लॅस्टिकची छोटी वाटी. नळी 50 कॅलिबरची, पण गोळी 45 ची, आणि मधली फट ही वाटी भरून काढते. नळीबाहेर पडताच वाटीच्या पाकळ्या उघडतात, ती मागे पडते आणि गोळी एकटी पुढे जाते. आजच्या इनलाइन बंदुकांत बहुतेक करून हीच जोडी दिसते.

वेग कसा गळतो, आणि ऊर्जा त्याहून कशी गळते

हवा गोळीला सतत मागे ओढत असते. टोकदार, लांब गोळीला कमी आणि बोथट, आखूड गोळीला जास्त. गोल गोळी या बाबतीत सगळ्यात दुबळी. 50 कॅलिबरची गोल गोळी नळीतून सेकंदाला 1,900 फुटांनी निघाली तर शंभर यार्डांवर तिचा वेग 1,100 च्या आसपास उतरलेला असतो.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग थोडा कमी झाला तरी ऊर्जा भरपूर कमी होते. या गोल गोळीचीच आकडेमोड करू. निघताना तिची ऊर्जा साधारण 1,420 फूट-पौंड (ऊर्जेचं अमेरिकेत वापरतात ते माप), शंभर यार्डांवर 475. दोन तृतीयांश ऊर्जा वाटेतच संपली. सॅबोतली 250 ग्रेनची गोळी बरी टिकते, पण तिचाही वेग 1,800 वरून 1,300 वर आला की ऊर्जा 1,800 फूट-पौंडांवरून 940 वर येते. वेग पाव हिश्शाहून थोडा जास्त उतरला आणि ऊर्जा जवळजवळ निम्मी झाली.

इथे चौकस वाचक विचारेल की हरणाला किमान 1,000 फूट-पौंड लागतात असं म्हणतात ना, मग गोल गोळीने शतकानुशतकं हरणं कशी पडली? प्रश्न अगदी रास्त आहे. हजाराचा हा आकडा काडतुसी रायफलींच्या जगातला आहे. कोलोरॅडोने तर तो शंभर यार्डांवरची किमान अट म्हणून काडतुसी रायफलींच्या नियमातच घातला आहे. त्या रायफलीची गोळी 0.308 इंच किंवा त्याहूनही बारीक असते आणि तिला शरीरात शिरल्यावर फुलून मोठं व्हावं लागतं. अर्ध्या इंचाची शिशाची गोळी न फुलताच तेवढी मोठी असते. ऊर्जा म्हणजे खिशातले पैसे धरले तर ते कशावर खर्च झाले हे त्या आकड्यातून कळत नाही.

गोळीने शरीरात करायचं काय असतं

हे सांगताना शब्द मऊ करण्यात अर्थ नाही. शिकारी हरणाच्या छातीवर, हृदय आणि फुफ्फुसांवर नेम धरतो. व्हाइटटेल जातीच्या हरणात ही जागा जेमतेम आठ-दहा इंचांची असते. तिथून गोळी आरपार गेली की रक्तदाब कोसळतो आणि जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपतं. गोळी कमी खोल गेली किंवा वाट सोडून भलतीकडे गेली तर तेच जनावर तासन् तास, कधी दिवसभर तडफडतं. गोळी पारखण्याची सगळी मेहनत हे दुसरं टाळण्यासाठी असते.

गोळी जाते तेव्हा दोन पोकळ्या तयार होतात. एक कायमची: गोळीने प्रत्यक्ष चिरलेली, चेचलेली वाट. दुसरी तात्पुरती: गोळीने बाजूला फेकलेलं मांस ताणलं जातं आणि रबरासारखं परत जागेवर येतं. तळ्यात दगड टाकला की पाणी बाजूला उडतं आणि मिटतं, तसंच. व्हिडिओत ठोकळा फुगतो ती ही तात्पुरती पोकळी. अतिवेगवान रायफलीत हा ताण इतका मोठा असतो की मांस फाटतं. ठासणीच्या बंदुकीच्या वेगांना बहुतेक लवचीक अवयव, विशेषतः फुफ्फुसं, तो सहन करून पूर्ववत होतात. म्हणून या बंदुकीत कायमच्या वाटेकडेच पाहायचं: भोक किती रुंद आणि किती खोल.

रुंदी आणि खोली एकमेकींच्या वाटेत येतात. गोळी म्हणजे मिटलेली छत्री समजा. मिटलेली छत्री वाऱ्यात सहज पुढे सरकते, उघडली की वारा तिला अडवतो. शरीरात गोळी लगेच पूर्ण उघडली तर भोक रुंद होतं, पण ती अर्ध्यातच थांबते. उघडलीच नाही तर आरपार जाते, पण अरुंद वाट ठेवून. हवी असते ती थोडी आत जाऊन उघडणारी आणि तरीही पलीकडून बाहेर पडणारी गोळी.

बाहेर पडण्यावर मी जोर देतो आहे त्याला कारण आहे. काळ्या दारूचा धूर दाट असतो. बार उडाला की समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि हरीण कुठे गेलं ते दिसतच नाही. फुफ्फुसांत गोळी लागलेलं हरीणही पन्नास-शंभर यार्ड पळू शकतं. मग त्याला शोधायला आधार असतो तो जमिनीवरच्या रक्ताचा. भोक एकच असेल, तेही वरच्या अंगाला, तर रक्त आतच साठतं. दुसऱ्या बाजूलाही भोक असेल तर माग लागतो.

जेलीच का, आणि कुठली जेली

गोळीचा वेग मोजण्याची पहिली भरवशाची युक्ती ठासणीच्या बंदुकांच्याच काळातली आहे. 1742 मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने टांगलेल्या जड लाकडी लंबकात गोळी मारली आणि लंबक किती हलला यावरून तिचा वेग काढला. वेग असा कळला, पण शरीरात काय होतं ते लाकडावरून कळत नाही.

त्यासाठी जिलेटिन आलं. जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं हे प्रथिन पाण्यात विरघळवून थंड केलं की मांसाइतकाच विरोध करणारा ठोकळा तयार होतो. 1980 च्या दशकात अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या लष्करी प्रयोगशाळेत याचं प्रमाण पक्कं केलं: 10 टक्के जिलेटिन, 4 अंश सेल्सिअस तापमान. त्यांनी जिवंत ऊतींतल्या जखमांशी ताडून पाहिलं आणि खोलीचा मेळ बसतो हे दाखवलं.

त्यांची आणखी एक शिस्त मला फार मोलाची वाटते. प्रत्येक ठोकळ्यावर खऱ्या गोळीआधी एक पोलादी छर्रा मारायचा. 0.177 इंचाचा हा छर्रा सेकंदाला साधारण 590 फुटांनी गेला तर 8.5 सेंटिमीटर आत शिरला पाहिजे. एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल. जास्त शिरला तर ठोकळा मऊ, कमी शिरला तर घट्ट. तराजूत माल टाकण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहण्यासारखंच आहे हे. पाणी जास्त तापवलं तर जिलेटिन कमजोर होतं, फ्रिजमधून काढून उन्हात ठेवलं तर मऊ पडतं. छर्‍याची खूण न दाखवता कुणी गोळीची खोली सांगत असेल तर त्या इंचांना फारसा अर्थ उरत नाही.

व्हिडिओत दिसतो तो काचेसारखा स्वच्छ ठोकळा मात्र बहुधा जिलेटिनचा नसतो, कृत्रिम असतो. तो फ्रिजमध्ये ठेवावा लागत नाही, वितळवून पुन्हा वापरता येतो, आतलं सगळं दिसतं. पण गोळीला तो खऱ्या जिलेटिनसारखं वागवतोच असं नाही. दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला तो ठीक आहे. त्यातले इंच मोजून ते हरणाच्या छातीला लावणं चूक आहे.

"पण हरीण म्हणजे काही जेली नव्हे"

बरोबर आहे. हरणाला केस असतात, जाड कातडी असते, फासळ्या असतात, खांद्याचं हाड असतं. फुफ्फुस हवेने भरलेलं आणि हलकं असतं, त्याच्याशेजारचा स्नायू दाट असतो. ठोकळा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा.

म्हणून ठोकळ्यातले 20 इंच म्हणजे हरणातले 20 इंच असं कुणीही समजू नये. ठोकळ्याचा उपयोग दुसरा आहे. तो दर वेळी सारखाच असतो. दोन हरणं कधीच सारखी नसतात, दोन नेम कधी सारखे लागत नाहीत. पन्नास हरणांवरच्या अनुभवातूनही गोळीचा गुण आणि नेमाचा गुण वेगळे काढता येत नाहीत. ठोकळ्यात ते काढता येतात. कुणी ठोकळ्यापुढे कातडं किंवा हाड लावून तपासतं, आणि ते चांगलंच आहे, कारण पोकळ टोकाच्या गोळीत केस-कातडं कोंबलं गेलं तर ती कधी कधी उघडतच नाही. पण आधी नुसत्या ठोकळ्यातलं वागणं माहीत हवं, नाहीतर हाडाने काय बदललं ते कळणार कसं?

घरच्या घरी करणारे लोक पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे कॅन ओळीत मांडतात किंवा ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गोळी मारतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात गोळी मांसातल्यापेक्षा जास्त जोरात फुलते. पाण्यात न उघडलेली गोळी मांसात उघडण्याची आशा धरू नये, एवढं त्यातून नक्की कळतं. उलटं मात्र म्हणता येत नाही: पाण्यात छान उघडली म्हणून हरणात उघडेल याची खात्री नाही. ओल्या कागदात गोळी लवकर थांबते. दोन्ही पद्धती तुलनेपुरत्या.

शंभर यार्डांची गोळी जवळून तपासता येते का?

ठोकळा साधारण सहा इंच रुंद, सहा इंच उंच आणि सोळा इंच लांब असतो. तो शंभर यार्डांवर ठेवून दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या माशीने (नेम धरायच्या खुंटीने) त्याच्या मध्यभागी गोळी घालणं कठीण. कड लागली तर गोळी बाजूने बाहेर जाते, ठोकळा वाया आणि दिवसही वाया. म्हणून बरेच जण ठोकळा जवळ ठेवतात आणि दारू कमी करून वेग उतरवतात: शंभर यार्डांवर 1,300 असेल तर जवळच 1,300 ने मारायची.

युक्ती चांगली आहे, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवून. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि फिरकीचा वेग नळीतून निघतानाच ठरतो. 28 इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून 1,800 ने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे 770 फेरे घेते. शंभर यार्ड जाताना तिचा पुढे जाण्याचा वेग खूप उतरतो, फिरकी मात्र जवळजवळ तशीच राहते. दारू कमी करून 1,300 ने काढली तर फिरकीही साडेपाचशेवर येते. फुलताना गोळीच्या टोकाला उघडणाऱ्या पाकळ्यांना फिरकी किंचित बाहेर ओढते, म्हणजे जवळची तपासणी गोळीवर थोडी कडक ठरते. माझ्या मते हा दोष सोसण्याजोगा आहे, कारण तो सावधपणाच्या बाजूला झुकतो. तरी एखादा ठोकळा खऱ्या अंतरावर ठेवून पडताळून पाहणं सगळ्यात चांगलं.

आणि वेग मोजायचाच, अंदाजाने धरायचा नाही. क्रोनोग्राफ नावाचं यंत्र गोळी दोन बिंदूंमधून किती वेळात गेली ते मोजतं. ठासणीच्या बंदुकीपुढे ते फार जवळ ठेवलं तर धूर, जळकी चिंधी किंवा सॅबोची वाटी त्यावर आदळते. चार-पाच पावलं लांब ठेवलं की काम होतं.

एका गोळीवरून निकाल लावू नये

कारखान्यातल्या काडतुसांत दारू यंत्राने भरलेली असते. इथे दर वेळी माणूस मोजतो, माणूस ठासतो. कधी जोर कमी, कधी जास्त. शिवाय काळी दारू जळाली की निम्म्याहून जास्त भाग घन काजळी होऊन राहतो आणि नळीत थर धरतो. दुसरा बार पहिल्यासारखा नसतो, तिसरा दुसऱ्यासारखा नसतो. नळी तापली की प्लॅस्टिकची वाटीही मऊ पडते.

म्हणून प्रत्येक वेगाला निदान तीन गोळ्या, आणि प्रत्येक बारानंतर नळी पुसून, थंड होऊ देऊन. हे कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. पण शिकारीत उडणारा बार हा जवळजवळ नेहमीच थंड नळीतला पहिला बार असतो. तापलेल्या, काजळलेल्या नळीतून सलग काढलेल्या पाच गोळ्यांचा निशाणावरचा सुंदर पुंजका त्या पहिल्या बाराबद्दल काहीच सांगत नाही.

जनावरातून काढलेली गोळी

शिकारी अभिमानाने दाखवतात ती छत्रीसारखी सुरेख उघडलेली गोळी, हरणाच्या पलीकडच्या कातडीखाली सापडलेली. गोळीच्या चांगुलपणाचा तो खरा पुरावा वाटतो. पण विचार करा, ती सापडली का? कारण ती बाहेर पडली नाही. ज्या गोळ्या आरपार गेल्या, म्हणजे ज्यांनी नेमकं हवं ते केलं, त्या मातीत गेल्या आणि त्यांचा फोटो कुणी काढला नाही. ज्या गोळ्यांमुळे जखमी हरीण हाती लागलंच नाही, त्याही सापडल्या नाहीत. आपल्या हातात येतात त्या मधल्या, आणि त्यांच्यावरून आपण दोन्ही टोकांबद्दल बोलतो. जेलीचा ठोकळा याच कारणासाठी लागतो. त्यात गोळी चांगली वागो वा वाईट, ती सापडते. दोन ठोकळे ओळीत ठेवले तर आरपार गेलेलीही सापडते.

"मग दारूच जास्त भरू"

हा उपाय सगळ्यांना सुचतो. बंदूक बनवणाऱ्याने घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे जाणं जिवावर बेततं आणि काळ्या दारूसाठी बनवलेल्या नळीत आधुनिक धूररहित दारू भरली तर नळी फुटू शकते, ही पहिली गोष्ट. मर्यादेच्या आत राहूनही फायदा वाटतो तेवढा होत नाही. गोळी जितकी वेगवान, तितकी हवा तिला जोरात ओढते, त्यामुळे नळीपाशी मिळालेला जादा वेग शंभर यार्डांपर्यंत बराचसा झिजतो. विशेषतः गोल गोळीचा. उलट वीस यार्डांवर हरीण आलं तर तीच गोळी जादा वेगाने इतकी फुलते की खोल जात नाही. धक्का वाढतो, नेम बिघडतो. गोल गोळीची ताकद वाढवायची तर मोठी नळी घेणं जास्त फळतं, कारण वजन व्यासाच्या घनाने वाढतं: 0.490 इंचाची गोळी 177 ग्रेन, 0.530 ची जवळजवळ 224. व्यास आठ टक्क्यांनी वाढला, वजन सव्वापट झालं.

शिसं की तांबं

कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून सगळ्या शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. कॉन्डॉर गिधाडं शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन मरत होती, हे त्यामागचं मोठं कारण. शिसं फुटून मांसात पसरतं आणि माणसाच्या पोटातही जातं. 2008 मध्ये मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने मेंढ्यांवर केलेल्या तपासणीत वेगाने फुलणाऱ्या रायफल-गोळ्यांपेक्षा ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्यांचे तुकडे कमी आढळले. कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि घरात लहान मुलं हे मांस खाणार असतील तर हा फरक पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही.

तांब्याची गोळी तुटत नाही, पाकळ्या फाकून अखंड राहते. पण तांबं शिशापेक्षा कडक आणि हलकं असतं. मऊ शिसं मंद वेगालाही पसरतं. तांब्याच्या पाकळ्या उघडायला टोकाच्या पोकळीत पुरेसा दाब लागतो आणि दाबासाठी वेग. म्हणून तांब्याकडे वळणाऱ्याने मंद वेगाची तपासणी टाळूच नये. शिशाची गोळी वापरणाऱ्याची एखादी ढिलाई खपून जाते, तांब्याच्या गोळीला ती खपत नाही.

ठोकळा कापल्यावर काय मोजायचं

चार गोष्टी लिहून ठेवायच्या: आत शिरतानाचा वेग, खोली, फुललेल्या गोळीचा व्यास आणि उरलेलं वजन. 250 ग्रेनची गोळी 240 भरली तर 96 टक्के वजन टिकलं. चौथा आकडा लोकांना सगळ्यात आवडतो, पण तो एकटा काही सांगत नाही. मुळीच न उघडलेली गोळी शंभर टक्के वजन राखते.

मग एकच गोळी उतरत्या वेगांना मारत जायचं: 1,700, 1,500, 1,300, 1,200. कुठेतरी अशी पायरी येते जिथे तीनपैकी एक गोळी नीट उघडत नाही. समजा ती 1,300 ला आली. आता क्रोनोग्राफचा आकडा आणि गोळी बनवणाऱ्याने दिलेला वेगाचा तक्ता घ्यायचा आणि आपल्या बंदुकीतून ही गोळी किती यार्डांवर 1,300 ला उतरते ते पाहायचं. उत्तर 85 यार्ड आलं तर ही 85 यार्डांच्या आतली गोळी आहे, पेटीवर काहीही छापलेलं असो. तो आकडा पट्टीवर लिहून बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवावा, कारण शंभर यार्डांवर हरीण उभं दिसतं तेव्हा वहीत काय लिहिलं होतं ते आठवत नाही.